प्रशिक्षकाचा हट्ट आणि विद्यार्थ्याचा खांदा

अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होतो आणि जूनच्या अखेरीस नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी संपतो. या चार-साडेचार महिन्यांत त्या देशातील शेकडो विद्यापीठांच्या मैदानांवर एक तक्रार हटकून ऐकू येते : आमच्या प्रशिक्षकाला खेळ कळत नाही. पहिल्या बेसवर धावपटू उभा असताना चांगल्या फलंदाजाला बंट करावयास लावून त्याने एक गडी फुकट घालविला. पिचरने कोणता चेंडू टाकावा हेही तोच बाकावर बसून ठरवितो. थकलेल्याला त्याने वेळेवर काढले नाही, न थकलेल्याला उगाच काढले. सामना हरला की या कुरकुरीचा संताप होतो, आणि दोनचार वर्षे विजेतेपदाने हुलकावणी दिली की माजी विद्यार्थी व देणगीदार मंडळी प्रशिक्षकाच्या राजीनाम्याची भाषा बोलू लागतात. या संतापात तथ्य किती, आणि तो योग्य ठिकाणी व्यक्त होतो काय, याचा विचार व्हावयास हवा. कारण ज्या चुकांवर प्रेक्षक चिडतो त्या बहुतेक भरून येण्याजोग्या असतात. आणि जी चूक भरून येत नाही तिला तो पुष्कळदा टाळ्या वाजवितो.

क्रिकेटवर पोसलेल्या वाचकासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाचे नऊ डाव असतात व तीन गडी बाद झाले की एक डाव संपतो. चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात आणि तो झेलणाऱ्या, यष्टिरक्षकासारख्या खेळाडूस कॅचर. फलंदाजाने चेंडू टोलविण्याऐवजी बॅट आडवी धरून तो पायाशी नुसता मरू दिला, तर त्याला बंट म्हणतात. चेंडू उचलून फेकण्यात प्रतिपक्षाचा वेळ जातो, फलंदाज स्वतः बहुधा बाद होतो, पण पहिल्या बेसवरील त्याचा सोबती दुसऱ्यावर सुखरूप पोहोचतो. अशा फटक्याला त्या खेळात ‘सॅक्रिफाइस बंट’, म्हणजे त्यागाचा बंट, असे रीतसर नावच आहे. या नावातच अर्धी मोहिनी आहे. संघासाठी स्वतःची विकेट देणारा विद्यार्थी कोणत्या शिक्षकाला आवडणार नाही? शिस्त, आज्ञापालन, निःस्वार्थ बुद्धी हे सारे गुण त्या एका हालचालीत डोळ्यांना दिसतात. म्हणूनच व्यावसायिक संघांनी बंट जवळजवळ टाकून दिला तरी महाविद्यालयांत तो टिकून राहिला.

परंतु गुण आणि गणित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडाच्या संरक्षण खात्यात संशोधक असलेल्या जॉर्ज लिंडसे यांनी शेकडो सामन्यांच्या नोंदींवरून १९६३ साली असे दाखविले की, एक गडी देऊन एक बेस मिळविण्याचा सौदा बहुतेक वेळा आतबट्ट्याचा ठरतो. पुढच्याच वर्षी अर्नशॉ कुक यांनी पुस्तक लिहून तोच मुद्दा मांडला, आणि १९८४ साली जॉन थॉर्न व पीट पामर यांनी तो अधिक नेटका केला. मेजर लीगमधील २०१० ते २०१५ या काळाचे आकडे घेतले, तर पहिल्या बेसवर धावपटू आणि एकही गडी बाद नाही अशा स्थितीतून त्या डावात सरासरी ०.८६ धावा निघतात. यशस्वी बंटनंतर, म्हणजे धावपटू दुसऱ्या बेसवर आणि एक बाद अशा स्थितीतून, त्या ०.६६ वर येतात. निदान एक तरी धाव निघण्याची शक्यताही वाढत नाही, किंचित कमीच होते. पहिल्या व दुसऱ्या अशा दोन्ही बेसांवर धावपटू असतील तर मात्र एका धावेपुरता हिशेब बंटच्या बाजूने झुकतो. तेव्हा शेवटच्या डावात एकच धाव हवी असताना केलेला बंट आणि पहिल्याच डावात, संघाचा उत्तम फलंदाज उभा असताना केलेला बंट, यांत शहाणपण व सवय यांच्याइतके अंतर आहे. प्रेक्षकांची चीड आहे ती या दुसऱ्या प्रकारावर. आणि तेवढ्यापुरती ती रास्त आहे.

तथापि प्रशिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. ऑगी गारिडो हे या पंथाचे आचार्य होते. कॅलिफोर्नियातील फुलरटन येथील विद्यापीठाला १९७९, १९८४, १९९५ आणि २००४ साली, व टेक्सस विद्यापीठाला २००२ आणि २००५ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळाले. यांपैकी फुलरटनचे शेवटचे पद त्यांच्या शिष्याच्या हाताखाली आले, आणि अंतिम फेरीत पराभूत झालेला संघ होता गारिडो यांचाच टेक्सस! म्हणजे गुरूची स्वतःची विजेतेपदे पाच, आणि सहाव्यात त्यांचीच विद्या त्यांच्यावर उलटलेली. बंट, चोरलेला बेस, प्रतिपक्षाला घाई करावयास लावणे, अशा लहानसहान मार्गांनी धाव काढण्यावर त्यांची श्रद्धा होती. ती अडाणीपणाची नव्हती. एकोणीस-वीस वर्षांची मुले मेजर लीगमधील खेळाडूंइतके बिनचूक क्षेत्ररक्षण करीत नाहीत. दबाव आला की चेंडू हातातून सुटतो, फेक भरकटते, आणि ज्या बंटवर एक गडी बाद व्हावयाचा तेथे दोघेही सुखरूप राहतात. व्यावसायिक सामन्यांचे कोष्टक जसेच्या तसे महाविद्यालयाच्या मैदानावर आणून पसरणाऱ्या टीकाकारांना ही गोष्ट दिसत नाही.

शिवाय या खेळाचे हत्यारच वेळोवेळी बदलले आहे. १९७४ साली महाविद्यालयांना ॲल्युमिनियमच्या बॅटींची मुभा मिळाली आणि धावांचा पूर लोटला. १९९८ च्या अंतिम सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाने ॲरिझोना स्टेटला २१ विरुद्ध १४ अशा, बेसबॉलपेक्षा फुटबॉलला शोभणाऱ्या धावसंख्येने हरविले. पुढे २०११ पासून बॅटींची उसळ नियमाने इतकी खाली आणली की चौकार-षटकारांची जागा पुन्हा बंटने घेतली. लॉस एंजलिसच्या यूसीएलएने २०१३ साली फलंदाजी सुमार असतानाही भेदक पिचिंग, चोख क्षेत्ररक्षण आणि बंट यांच्या बळावर विजेतेपद पटकाविले. २०१५ मध्ये चेंडूची शिवण चपटी करण्यात आली, चेंडू पुन्हा लांब जाऊ लागला, फलंदाजांनी व्यायामशाळेत आणि यंत्रांपुढे वेगळी तालीम केली आणि आज तेथे ‘होम रन’ची रेलचेल आहे. २०१३ मध्ये जो प्रशिक्षक शहाणा ठरला असता तोच आज त्याच रीतीने खेळला तर हेकट ठरेल. महाविद्यालयीन प्रेक्षकाला खरोखर खुपते ते हेच. बंट नव्हे, तर परिस्थिती पालटली तरी न पालटणारा माणूस. एकदा विजय मिळवून देणारी रीत ही धर्म होऊन बसते, आणि मग संघात कोण आहे, समोर कोण आहे, वारा कोणत्या दिशेचा आहे हे पाहण्याची गरजच उरत नाही.

दुसरी तक्रार अधिक खोल आहे आणि तिच्याकडे शिक्षकवर्गाने तरी अवश्य लक्ष द्यावे. पिचरने कोणता चेंडू, कोठे टाकावा हे वास्तविक पिचर आणि कॅचर या दोघांनी फलंदाज पाहून ठरवावयाचे. महाविद्यालयांत बहुतेक ठिकाणी ते बाकावरून ठरते. पूर्वी प्रशिक्षक बोटांनी आकडे दाखवीत आणि कॅचर मनगटावरील तक्त्यात त्या आकड्याचा अर्थ शोधी. आता नियमाने संदेशयंत्रांना परवानगी मिळाल्यामुळे आज्ञा थेट मनगटावर किंवा कानात उतरते. चूक कमी होते, हे खरे. परंतु तीन-चार वर्षे दुसऱ्याच्या डोक्याने चेंडू मागणाऱ्या कॅचरला खेळाचा विचार करण्याची सवय लागणार कशी? फळ्यावरची उत्तरे उतरवून घेऊन पहिल्या वर्गात येणारा विद्यार्थी आपल्याकडेही अपरिचित नाही. परीक्षेचा निकाल शाळेच्या नावावर जमा होतो. न शिकलेला विषय मात्र मुलाच्या नावावर राहतो. विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला ‘कोच’ म्हणून जो मान मिळतो तो शिक्षक या नात्याने, सामन्यामागून सामने जिंकणारा कंत्राटदार या नात्याने नव्हे, एवढे तरी त्याने विसरता कामा नये.

शिकविणारा प्रशिक्षक काय करू शकतो याचे एक उदाहरण फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात सापडते. बस्टर पोझी नावाचा मुलगा तेथे आला तो शॉर्टस्टॉप म्हणून, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक म्हणून. २००७ साली त्याला कॅचरच्या जागी बसविण्यात आले. पुढच्याच वर्षी तो देशातला सर्वोत्तम हौशी खेळाडू ठरला आणि नंतर सॅन फ्रान्सिस्को संघाबरोबर २०१०, २०१२ व २०१४ अशी तीन जागतिक विजेतेपदे त्याने मिळविली. (हाच पोझी पुढे त्या संघाचा कारभारी झाला आणि २०२५ साली त्याने टेनेसी विद्यापीठाचे प्रशिक्षक टोनी व्हिटेलो यांना, व्यावसायिक संघाचा कसलाही अनुभव नसताना, सॅन फ्रान्सिस्कोचे व्यवस्थापक नेमले. महाविद्यालयीन प्रशिक्षकाची प्रतिष्ठा किती वाढली आहे याची ही खूणच म्हणावयाची.) पोझीच्या वेळी फ्लोरिडा स्टेटचे प्रशिक्षक होते माइक मार्टिन. १९८० ते २०१९ अशी चाळीस वर्षे त्यांनी त्या संघाची धुरा वाहिली. २,०२९ सामने जिंकले. चाळिसांपैकी एकाही वर्षी त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेस मुकला नाही. सतरा वेळा तो ओमाहास पोहोचला. आणि विजेतेपद? एकदाही नाही. इतक्या मोठ्या कारकिर्दीला ‘पण’ हे अव्यय चिकटले ते शेवटपर्यंत सुटले नाही.

मार्टिन यांची रणनीती चुकीची होती काय? कोणत्या तरी एका सामन्यात ती चुकली असेलही. परंतु बेसबॉल हा खेळ असा आहे की उत्तम संघही दर तीन-चार सामन्यांत एक हरतो, आणि ओमाहाच्या आठवडा-दीड आठवड्यात तो एक सामना कोणत्या दिवशी पदरी येतो यावर सारे अवलंबून असते. १९९६ च्या अंतिम सामन्यात लुइझियाना स्टेट एका धावेने मागे, शेवटचा डाव, दोन गडी बाद, तिसऱ्या बेसवर धावपटू. फलंदाज वॉरन मॉरिस हाताच्या हाडाच्या दुखापतीतून नुकताच सावरलेला. त्या हंगामात त्याने एकही होम रन मारलेला नव्हता. पहिलाच चेंडू त्याने कुंपणापार धाडला आणि मायामीचा संघ मैदानावर अक्षरशः कोसळला. त्या क्षणी लुइझियानाच्या प्रशिक्षकाची रणनीती काय होती? काहीही नव्हती, फलंदाजाला खेळू द्यावयाचे, एवढीच. प्रशिक्षकाच्या डावपेचांना प्रेक्षक जितके श्रेय आणि जितका दोष देतो तितक्या दोन्हींना तो पात्र नसतो.

इथवरचा सारा वाद, म्हटले तर, चहाच्या टेबलावरचा आहे. हरलेला सामना पुढच्या शुक्रवारी विसरता येतो. न विसरता येणारी गोष्ट निराळीच आहे.

३० मे २००९ रोजी ऑस्टिन येथे टेक्सस आणि बॉस्टन कॉलेज यांचा सामना झाला. नऊ डावांत निकाल लागला नाही. तो लागला पंचविसाव्या डावात, सात तास तीन मिनिटांनी, टेक्ससच्या बाजूने ३ विरुद्ध २ असा. महाविद्यालयीन बेसबॉलच्या इतिहासातील हा सर्वांत लांबलेला सामना. त्यात सातव्या डावात टेक्ससचा डावखुरा पिचर ऑस्टिन वुड मैदानात उतरला. तो वास्तविक शेवटचा एखाद-दुसरा डाव सांभाळणारा पिचर. आदल्या दिवशीही त्याने चेंडू टाकले होते. त्या दिवशी तो तेरा डाव टाकीत राहिला. पहिल्या बारा डावांहून अधिक काळ त्याने प्रतिपक्षाला एकही हिट मिळू दिली नाही. त्याने एकूण चेंडू टाकले १६९. तिकडे बॉस्टन कॉलेजच्या माइक बेल्फिओरेने, तोही असाच अखेरीचा पिचर, १२९ चेंडू टाकले आणि एकही धाव दिली नाही. टेक्ससचे प्रशिक्षक होते गारिडो.

मुलांच्या पराक्रमाबद्दल बोलावे तेवढे थोडे. पण प्रश्न पराक्रमाचा नाही. लहान डावांसाठी घडविलेल्या खांद्याकडून लागोपाठच्या दिवशी १६९ चेंडू मागावेत काय, हा आहे. वुडला त्या वर्षी डेट्रॉइट संघाने पाचव्या फेरीत निवडले. पुढे खांद्याच्या दुखण्याने त्याला गाठले आणि मेजर लीगचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. त्या एका रात्रीमुळेच हे घडले असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. शरीराचे हिशेब इतके सरळ नसतात. बेल्फिओरे २०१३ साली बॉल्टिमोरकडून एका सामन्यापुरता का होईना मेजर लीगमध्ये पोहोचलाच. परंतु धोका होता हे त्या रात्रीही साऱ्यांना ठाऊक होते. तो कोणी पत्करला आणि कोणासाठी पत्करला, एवढे विचारण्याचा अधिकार कोणालाही आहे. आणि लक्षात घेण्याजोगे हे की, पहिल्या डावातील बंटवर ओरडणारा प्रेक्षकवर्ग त्या रात्री ओरडला नाही. त्याने त्या सामन्याला आख्यायिकेचे स्थान दिले.

गारिडो हे काही निर्दय गृहस्थ नव्हते. विद्यार्थ्यांच्या मनाचा, त्यांच्या भीतीचा आणि अपयशाचा विचार करणारा प्रशिक्षक अशी त्यांची ख्याती होती. रिचर्ड लिंकलेटरसारख्या दिग्दर्शकाला त्यांच्यावर २००८ साली माहितीपट काढावासा वाटला. २०१८ मध्ये ते निवर्तले तेव्हा अनेक पिढ्यांच्या खेळाडूंनी त्यांचे ऋण मानले. अशा माणसाच्या हातूनही हे घडते, यावरूनच दोष माणसापेक्षा व्यवस्थेत अधिक आहे हे उघड होते. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाने २००३ साली विजेतेपद मिळविले ते तीन असामान्य पिचरांच्या जोरावर. फिलिप हंबर, जेफ निमन आणि वेड टाउनसेंड या तिघांची २००४ साली व्यावसायिक संघांनी पहिल्या आठांतच निवड केली. असा योग क्वचितच येतो. त्यानंतर दोन वर्षांच्या आत तिघांच्याही कोपरावर किंवा खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. तिघांवरून सिद्धांत बांधणे शास्त्रीय नव्हे, आणि हंबरने पुढे २०१२ साली एकही प्रतिस्पर्धी बेसवर पोहोचू न देता अख्खा सामना जिंकण्याचा विरळा मानही मिळविला. तरीही ज्या खेळात अशा बातम्यांचे नवल वाटेनासे होते त्या खेळाच्या नियमांकडे पाहणे प्राप्तच आहे.

नियम काय सांगतात? एकदिवसीय क्रिकेटमध्ये गोलंदाजाला दहाच षटके टाकता येतात. कर्णधाराने कितीही गळ घातली तरी अकरावे नाही. अमेरिकेतील शालेय बेसबॉलमध्ये २०१७ पासून प्रत्येक राज्याच्या संघटनेला पिचरने किती चेंडू टाकावेत व मग किती दिवस विश्रांती घ्यावी याचा नियम करणे बंधनकारक झाले. मेजर लीग आणि तेथील राष्ट्रीय बेसबॉल संघटना यांनी २०१४ साली तज्ज्ञांच्या सल्ल्याने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत १९ ते २२ वर्षांच्या पिचरने दिवसाला फार तर १२० चेंडू टाकावेत असे म्हटले आहे. महाविद्यालयीन खेळाचे नियंत्रण करणाऱ्या एनसीएए या संस्थेने मात्र अशी कोणतीही संख्या नियमात घातलेली नाही. मुलगा सतराव्या वर्षी शाळेत असतो तोवर त्याचा चेंडू मोजला जातो. व्यावसायिक झाला की मालकाने त्याच्यावर लाखो डॉलर लावलेले असतात, म्हणून तेथेही मोजला जातो. मधली तीन-चार वर्षे, जेव्हा त्याचा हात शाळेचा नाही आणि मालकाचाही नाही, तेव्हा सारे प्रशिक्षकाच्या विवेकावर सोपविलेले.

त्यातच स्पर्धेची रचना अशी की विवेकाची कसोटीच लागावी. राष्ट्रीय स्पर्धेत चौसष्ट संघ येतात आणि चार-चारांच्या सोळा गटांत, शुक्रवार ते सोमवार, दोन पराभवांनंतर बाद या पद्धतीने खेळतात. पहिला सामना गमावलेल्या संघाला पुढे जावयाचे तर उरलेल्या दिवसांत सलग चार सामने जिंकावे लागतात. संघातले भरवशाचे पिचर दोन, फार तर तीन. शुक्रवारी शंभर चेंडू टाकलेल्या मुलाकडे सोमवारी प्रशिक्षकाची नजर वळणार नाही तर काय होईल? आणि त्या नजरेला उत्तर देताना “माझा हात दुखतो आहे” असे कोणता मुलगा म्हणेल?

तो म्हणत नाही याची कारणे भावनेपेक्षा हिशेबात शोधावी लागतात. २०२४-२५ पर्यंत पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठाला बेसबॉलसाठी अवघ्या ११.७ शिष्यवृत्त्या देता येत, त्याही अनेक मुलांत वाटून. म्हणजे बहुतेक मुले अर्धी-पाव फी स्वतः भरून खेळत. २०२५-२६ पासून शिष्यवृत्तींची ही मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघात चौतिसांहून अधिक मुले ठेवू नयेत अशी मर्यादा आली; काहींचे भले झाले, काहींची जागाच गेली. विद्यापीठ बदलावयाचे तर पूर्वी बेसबॉलपटूला एक वर्ष बाहेर बसावे लागे; २०२१ पासून ही अट सैल झाली, २०२४ पासून जवळजवळ उरली नाही. प्रशिक्षकावर नाराज झालेला विद्यार्थी आता चालता होऊ शकतो, हा मोठाच फरक पडला. परंतु हे दार दोन्ही बाजूंनी उघडते. नको असलेल्या मुलाला त्याच दारातून वाट दाखविणे प्रशिक्षकालाही सोपे झाले आहे. व्यावसायिक संघांची निवडही २०१२ पूर्वी पन्नास फेऱ्यांची असे, ती २०२१ पासून वीस फेऱ्यांची झाली. जागा कमी झाल्या की स्वतःला सिद्ध करण्याची घाई वाढते. दुसऱ्या बाजूस, मोठ्या विद्यापीठांतील नामवंत प्रशिक्षकांचे वार्षिक वेतन दहा लाख डॉलरांच्या पुढे गेले आहे आणि ते ठरते ओमाहाच्या फेऱ्यांवर. सदर्न कॅलिफोर्नियाचे रॉड डेडो यांनी १९७० ते १९७४ अशी सलग पाच विजेतेपदे मिळविली तेव्हा ते वर्षाला नाममात्र एक डॉलर घेत; त्यांचा मालवाहतुकीचा स्वतःचा व्यवसाय होता. नोकरी जाण्याची भीती नसलेला प्रशिक्षक एखाद्या मुलाला सोमवारी विश्रांती देऊ शकतो. ती मोकळीक आज किती जणांना आहे?

थकव्याचा प्रश्न काल्पनिक नाही. अलाबामातील बर्मिंगहॅम येथील क्रीडावैद्यक संस्थेच्या संशोधकांनी २००६ साली किशोरवयीन पिचरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हात थकलेला असतानाही नेहमी चेंडू टाकीत राहणाऱ्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ येण्याचा संभव ३६ पट अधिक असल्याचे त्यांना आढळले. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील तुटलेला स्नायुबंध प्रथम बदलला तेव्हा तो वैद्यकातला चमत्कार गणला गेला. आज ती शस्त्रक्रिया महाविद्यालयीन मुलांच्या बोलण्यात दाढ काढण्याइतक्या सहजपणे येते.

येथे आजचे प्रशिक्षक एक युक्तिवाद करतात आणि तो ऐकण्याजोगा आहे. आता १६९ चेंडू कोणी टाकावयास लावीत नाही, असे ते म्हणतात. बऱ्याच अंशी हे खरे आहे. मोठ्या विद्यापीठांत चेंडूंची नोंद काटेकोर ठेवली जाते. पण त्या जागी दुसरा हव्यास आला आहे, वेगाचा. प्रत्येक चेंडू ताशी किती मैलांनी गेला हे यंत्र तत्क्षणी सांगते, स्काऊट ते वहीत टिपतो आणि मुलगा प्रत्येक चेंडूत सर्व शक्ती ओततो. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने पिचरांच्या दुखापतींवर जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात वेगाचा पाठलाग आणि प्रत्येक चेंडू पूर्ण जोराने टाकण्याची रीत यांना प्रमुख कारणांत धरले आहे. तेव्हा नुसते चेंडू मोजून प्रशिक्षकाची जबाबदारी संपत नाही. शंभर चेंडू टाकून मुलाला बसविणारा आणि त्याच मुलाकडून हिवाळाभर आणखी दोन मैलांचा वेग काढू पाहणारा प्रशिक्षक, हा जुन्या हट्टी प्रशिक्षकापेक्षा अधिक सुशिक्षित असेल. अधिक दयाळू असेलच असे नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. एनसीएएच्या नियमांत दुखापत झालेल्या खेळाडूने मैदानात परतावे की नाही हा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्याचा आहे, प्रशिक्षकाचा नव्हे; हे तत्त्व मान्य झालेलेच आहे. तेच एक पाऊल मागे आणून, दुखापत होण्यापूर्वी, चेंडूंची कमाल संख्या आणि सक्तीच्या विश्रांतीचे दिवस नियमात घालता येतील. चार संघांचा गट चार दिवसांऐवजी सहा दिवस खेळविता येईल. दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकाला ते गैरसोयीचे होईल, पण मुलाच्या खांद्याला सोयीचे होईल. ज्या प्रशिक्षकांना मुलांची खरोखर काळजी आहे त्यांना हा नियम अडचणीचा वाटण्याचे कारण नाही. उलट देणगीदार आणि प्रेक्षक यांच्या दडपणापुढे “नियमच आहे, काय करणार” असे म्हणण्याची सोय त्यांना लाभेल. बंट करावा की नाही, कॅचरने स्वतः विचार करावा की मनगटाकडे पाहावे, हे वाद त्यानंतरही खुशाल चालू राहावेत. खेळाची अर्धी गोडी त्यात आहे, आणि हरलेल्या सामन्याचे पोस्टमॉर्टेम करण्याचा प्रेक्षकाचा हक्क कोणी हिरावून घेऊ नये.

नियम बदलणाऱ्या समितीवर महाविद्यालयीन बेसबॉलमधीलच मंडळी असतात, आणि त्यांत प्रशिक्षकही असतात. सर्व राज्यांच्या शालेय संघटनांना जे जमले ते त्यांना जमण्यास तांत्रिक अडचण कोणतीच नाही. बारावीच्या शेवटच्या सामन्यापर्यंत मोजला जाणारा चेंडू महाविद्यालयाच्या पहिल्या सामन्यापासून का मोजला जात नाही, याचा खुलासा आधी त्यांनी करावयाचा आहे. आणि तो मागावयाचा आहे त्या प्रेक्षकांनी, जे आज पहिल्या डावातील बंटवर घसा कोरडा करीत आहेत.